लाल अक्षरांची औषधं: ठाणे आणि नवी मुंबईत कुठल्या मेडिकलमधून घ्यावीत

गोखले रोडवर एका मेडिकलमधून बाहेर पडलं की दुसरं दिसतं. घोडबंदर रोडच्या प्रत्येक मोठ्या सोसायटीखाली एक आहे, वाशीत प्रत्येक सेक्टरला दोन-चार. तापाची गोळी, बीपीचं औषध, मलम कुठूनही घ्या, फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो झोपेच्या गोळ्या, घबराटीवरच्या गोळ्या, तीव्र वेदनेची औषधं आणि मुलांच्या एकाग्रतेसाठी दिली जाणारी औषधं घेताना. म्हणून इथे परीक्षण फक्त या औषधांच्या विक्रीचं. सोसायटीखालचं मेडिकल, हॉस्पिटलला लागून असलेलं मेडिकल, मोबाईल ॲप आणि जनऔषधी केंद्र ही चार ठिकाणं त्यासाठी तपासली आहेत.

निकाल आधीच सांगून टाकतो. जे दुकान चिठ्ठी मागतं, तिच्यावर शिक्का मारतं आणि बॅच नंबरासह बिल देतं, ते चांगलं. 'ओळखीचे आहात, घेऊन जा' म्हणणारं दुकान गिऱ्हाईकाला प्रेमळ वाटतं, पण पुढे काही झालं तर त्याच गिऱ्हाईकाच्या हातात एकही कागद नसतो. या औषधांच्या बाबतीत कागद असणं आणि नसणं यातलं अंतर फार मोठं आहे.

घरात जी पट्टी असेल ती घ्या आणि छपाईचा डावा वरचा कोपरा बघा. साधं 'आरएक्स' असेल तर ते शेड्यूल एचचं औषध, म्हणजे चिठ्ठीशिवाय किरकोळ विक्री नाही. 'आरएक्स' लाल रंगात आणि खाली लाल चौकटीत इशारा असेल तर शेड्यूल एच-वन. हा गट १ मार्च २०१४ पासून लागू झाला. सुरुवातीला त्यात ४६ औषधं होती. वरच्या पिढीची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, आणि त्यांच्या जोडीला अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम या झोपेच्या-घबराटीच्या गोळ्या, वेदनेचं ट्रामाडॉल आणि कोडीन. लाल 'एनआरएक्स' असेल तर औषध एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. लाल 'एक्सआरएक्स' म्हणजे शेड्यूल एक्स, सगळ्यांत कडक. मुलांच्या एकाग्रतेसाठीचं मिथाइलफेनिडेट आणि भुलीचं केटामिन या गटात मोडतात. एकच औषध दोन याद्यांत असू शकतं. ट्रामाडॉल एच-वनमध्ये तर आहेच, एप्रिल २०१८ पासून ते एनडीपीएसच्या यादीतही आलं.

इथे दोन कायदे एकाच वेळी लागू असतात आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. एक, औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि त्याखालचे १९४५ चे नियम. एच, एच-वन, एक्स ही शेड्यूल त्या नियमांतली. दुसरा, गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम १९८५, म्हणजेच एनडीपीएस. त्याचं कलम ८० सरळ सांगतं की हा कायदा १९४० च्या कायद्याच्या जोडीला आहे, त्याच्याऐवजी नाही. एनडीपीएसमध्ये पदार्थांचे तीन गट आहेत. गुंगीकारक द्रव्यांत कोका पान, गांजा-चरस, अफू, अफूची बोंडं आणि त्यांपासून तयार केलेली मॉर्फिन, कोडीन, हेरॉइन यांसारखी द्रव्यं. मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ म्हणजे कायद्याच्या परिशिष्टात नावानिशी दिलेली यादी. अल्प्राझोलाम, डायझेपाम, ट्रामाडॉल, केटामिन, आणि रस्त्यावर एमडी म्हणून विकलं जाणारं मेफेड्रोन, सगळे तिथे. तिसरा गट 'नियंत्रित पदार्थ'. नाव ऐकून वाटेल की झोपेच्या गोळ्या यात असतील, पण कायद्यात ही संज्ञा अंमली पदार्थ बनवायला लागणाऱ्या कच्च्या रसायनांसाठी आहे. ॲसेटिक ॲनहायड्राइड, एफिड्रीन, स्यूडोएफिड्रीन, अँथ्रानिलिक ॲसिड ही त्यातली मुख्य नावं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रसायन कारखान्यांना या गटाची माहिती असावीच लागते, कारण २०१३ च्या आदेशानुसार अशी रसायनं हाताळायला नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोकडे नोंदणी करावी लागते आणि ठरावीक काळाने हिशोब द्यावा लागतो. घरच्या गिऱ्हाईकाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याच्या कामाचे पहिले दोन गट.

आता दुकानाकडे वळू. काऊंटरवर काय घडायला हवं, ते १९४५ च्या नियमांतल्या नियम ६५ मध्ये बारीक लिहिलेलं आहे. चिठ्ठीवर डॉक्टरांची सही आणि तारीख हवी, रुग्णाचं नाव-पत्ता हवा, आणि औषध एकूण किती व कसं घ्यायचं ते हवं. ठाण्यात अडतं ते बहुतेकदा या शेवटच्या अटीवर. डॉक्टर 'रात्री १' लिहितात, किती दिवस ते लिहीत नाहीत. मग दुकानदार अंदाजाने एक पट्टी देतो, किंवा नियम पाळणारा असेल तर परत पाठवतो. गिऱ्हाईक चिडतं दुकानदारावर, चूक असते चिठ्ठीत. दवाखान्यातून निघण्याआधी एकूण गोळ्यांचा आकडा लिहून घ्या, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

औषध दिल्यावर दुकानाने चिठ्ठीवर, डॉक्टरांच्या सहीच्या वर, आपलं नाव-पत्ता आणि तारीख टाकायची असते. तो निळा-जांभळा शिक्का त्यासाठीच. काही लोकांना त्याचा राग येतो, कारण शिक्का पडलेली चिठ्ठी दुसरं दुकान घेत नाही. घ्यायचीच नसते. डॉक्टरांनी 'इतक्या वेळा पुन्हा द्यावे' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच. एच-वन असेल तर वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहायची, आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. या नोंदीत आधार कार्ड बसत नाही. काही दुकानं आधारची झेरॉक्स मागतात. सावधगिरी म्हणून मागत असतील, पण दिलीच पाहिजे असं एच-वनच्या नियमात नाही.

चिठ्ठीत लिहिलेल्या ब्रँडऐवजी 'तेच आहे, कंपनी वेगळी' म्हणून दुसरं देणंही या नियमात बसत नाही. डॉक्टरांना फोन लावून, चिठ्ठी बदलून घेऊन मग द्यावं. फिट्सच्या औषधांत हा मुद्दा फक्त कागदाचा राहत नाही, कंपनी बदलल्यावर रुग्णाला त्रास होऊ शकतो.

सोसायटीखालच्या मेडिकलचं बळ म्हणजे ओळख. आजोबांना कुठली गोळी चालू आहे, मागची पट्टी कधी नेली, हे दुकानदाराला तोंडपाठ असतं. दोन डॉक्टरांनी नकळत दोन झोपेच्या गोळ्या लिहिल्या तर पहिला तोच टोकतो. नौपाडा, वर्तकनगर, पाचपाखाडी या जुन्या वस्त्यांत असे फार्मसिस्ट आहेत आणि त्यांचं मोल मोठं आहे. दुबळी बाजूही याच ओळखीतून येते. संध्याकाळी सात ते नऊच्या गर्दीत फार्मसिस्ट आत, काऊंटरवर मदतनीस, आणि चार गोळ्या कापून हातात. नियम असा की चिठ्ठीचं औषध नोंदणीकृत फार्मसिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यायचं. फार्मसिस्ट दुकानात नसेल तर लाल अक्षरांचं औषध तेव्हा घेऊ नका, तो आल्यावर जा.

कापलेल्या पट्टीबद्दल थोडं सविस्तर, कारण नुकसान इथे होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख बऱ्याच पट्ट्यांवर एका टोकाला ठसवलेली असते. दहातल्या चार गोळ्या कापल्या की ते टोक दुकानात राहतं, आणि घरी येतो चांदीसारख्या कागदाचा एक तुकडा, ज्यावर औषधाचं नावही अर्धंच. पुढे डब्यात अशा तीन तुकड्यांची सरमिसळ झाली की कोणती गोळी कशाची, हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाही. कमी गोळ्या हव्या असतील तर दोन गोष्टी मागा: ठसा असलेल्या टोकाकडूनच कापा, आणि बिलात बॅच नंबर व मुदत छापा. संगणकावर बिल करणाऱ्या दुकानाला याला एक सेकंद लागत नाही. 'सुट्याचं बिल होत नाही' असं उत्तर आलं तर त्या दुकानातून हे औषध घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत.

हॉस्पिटलला लागून असलेलं मेडिकल या कामात सर्वांत भरवशाचं. डॉक्टर वरच्या मजल्यावर असतात, म्हणून चिठ्ठीतली चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. शेड्यूल एक्सचं औषध ठेवायला दुकानाकडे नमुना २०-एफचा वेगळा परवाना लागतो, तो साध्या दुकानाकडे सहसा नसतो. मिथाइलफेनिडेट शोधत दहा मेडिकल पालथी घालणाऱ्या पालकांनी म्हणून आधी फोनवर एवढंच विचारावं: 'तुमच्याकडे २०-एफ आहे का?' हो म्हटलं तर पुढे स्टॉक विचारा. या औषधाची चिठ्ठी दोन प्रतींत लागते; एक दुकान ठेवून घेतं आणि २ वर्षं जपतं. एकाच कागदाची झेरॉक्स काढून नेली की अडतं, त्यामुळे दोन्ही प्रतींवर डॉक्टरांची सही दवाखान्यातच घ्या. या दुकानांचा दोष म्हणजे भाव. छापील किमतीवर सूट क्वचित, आणि रात्री गर्दी फार.

मानसिक आजाराच्या औषधांसाठी ठाण्यात आणखी एक जागा आहे, १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात तपासणी आणि औषध एकाच छताखाली होतं. रांग लागते, पण दरमहा औषध परवडत नाही म्हणून मध्येच बंद करणाऱ्यांनी तो रस्ता जरूर धरावा. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर फिट येऊ शकते.

ॲपवर शेड्यूल एचची नेहमीची औषधं मागवणं सोयीचं आहे, सूटही मिळते. लाल अक्षरं आली की ॲप कमी पडतं, आणि कमी पडणंच योग्य आहे. २६ मार्च २०२० च्या अधिसूचनेने औषधं घरपोच द्यायला वाट मोकळी केली, तेव्हा एनडीपीएसखालची औषधं त्यातून वगळली होती. त्याच महिन्यात आलेल्या टेलिमेडिसिनच्या मूळ नियमावलीतही शेड्यूल एक्स आणि एनडीपीएसची औषधं फोनवर किंवा व्हिडिओवर तपासून लिहून देण्यास मनाई केली होती. म्हणजे ॲपवरच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांच्या कॉलनंतर अल्प्राझोलाम लिहून दिलं, तर ती चिठ्ठीच कमकुवत. अशी चिठ्ठी हाताशी ठेवून निश्चिंत राहू नका. जनऔषधी केंद्रं स्वस्त आहेत, बीपी-शुगरला उत्तम. पण नियंत्रित औषधांचा साठा तिथे फारसा धरून चालू नका.

आता किती गोळ्या घरी ठेवता येतात ते पाहू. एनडीपीएस नियम ६६ प्रमाणे, मनोव्यापारांवर परिणाम करणारी औषधं व्यक्तीला स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० मात्रांपर्यंत बाळगता येतात. दीर्घकाळ घ्यायची असतील आणि डॉक्टरांनी तसं खास लिहिलं असेल तर ३०० पर्यंत. हिशोब करून बघा. दिवसाला दोन गोळ्या, दोन महिने, झाल्या १२०. तीन महिन्यांचा साठा म्हणजे १८०. गावी जाताना, मुलाकडे बंगळुरूला जाताना लोक असाच साठा नेतात, आणि चिठ्ठीत 'दीर्घकालीन उपचार' हे दोन शब्द नसतात. ते लिहून घ्या.

चिठ्ठी नसेल तर काय, याचं गणित वेगळं. एनडीपीएसमध्ये शिक्षा वजनावर ठरते. अल्प्राझोलामसाठी अल्प प्रमाण ५ ग्रॅम, व्यापारी प्रमाण १०० ग्रॅम. ट्रामाडॉलला ५ आणि २५०. अर्ध्या मिलिग्रॅमच्या शंभर गोळ्यांत शुद्ध अल्प्राझोलाम भरतं ५० मिलिग्रॅम, म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग खटल्यात ठरवलं की मिश्रणातलं शुद्ध द्रव्य वेगळं न काढता भेसळीसह एकूण वजन धरायचं. एक गोळी १२० मिलिग्रॅमची धरली तर शंभर गोळ्या १२ ग्रॅम, अल्प प्रमाणाच्या पुढे. अल्प प्रमाणाला १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या प्रमाणाला १० वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाणाला किमान १० आणि कमाल २० वर्षं, सोबत १ ते २ लाख दंड.

खोकल्याच्या कोडीन सिरपचं उदाहरण याहून बोलकं आहे. ५ मिलीला १० मिलिग्रॅम या प्रमाणात १०० मिलीच्या बाटलीत २०० मिलिग्रॅम कोडीन असतं. कोडीनचं अल्प प्रमाण १० ग्रॅम, व्यापारी १ किलो. शुद्ध कोडीन मोजलं तर ५० बाटल्यांनी १० ग्रॅम होतात. सगळं सिरप मोजलं तर एकच बाटली १० ग्रॅम ओलांडते आणि दहाएक बाटल्यांत किलो भरतो. १९८५ च्या अधिसूचनेत ठरावीक मर्यादेतलं, उपचाराच्या रूढ वापरातलं कोडीनमिश्रण वगळलेलं आहे. पण 'उपचारासाठीच आहे' हे सांगायला चिठ्ठी आणि बिलच लागतं. म्हणून बिल न देणारं दुकान आम्ही सरळ नापास करतो, बाकी सेवा कितीही चांगली असो.

कॅन्सरच्या वेदनेसाठी मॉर्फिन ठाण्यातल्या साध्या मेडिकलमध्ये शोधू नका, वेळ जाईल आणि रुग्ण तळमळत राहील. एनडीपीएसच्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधं' ठरली आणि ती मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांमधून मिळण्याची वाट सोपी झाली. ठाणे-नवी मुंबईकरांसाठी टाटा मेमोरियल केंद्राचं परळ आणि खारघर हे ठिकाण धरून चालावं. रुग्णाऐवजी नातेवाईक जाणार असेल तर जुनी फाईल, ताजी चिठ्ठी आणि मागच्या गोळ्या किती उरल्या त्याचा आकडा सोबत न्या. हा आकडा विचारतात.

सिरिंजबद्दल लोक विनाकारण घाबरतात. इन्सुलिनची सिरिंज, सुई, औषधाची बाटली जवळ असणं हा एनडीपीएसमध्ये गुन्हा नाही. काही परदेशी कायद्यांत नशेच्या साधनांसाठी स्वतंत्र गुन्हा आहे, आपल्या एनडीपीएसमध्ये तसा नाही. आपल्याकडे साधनं येतात ती दुसऱ्या दारातून. गुन्हा घडला असेल तर कलम ६० खाली त्यातली भांडी, उपकरणं, साहित्य जप्त होतं. आणि अंमली पदार्थ बनवण्यासाठी खास तयार केलेली उपकरणं सापडली तर कलम ५४ प्रमाणे समाधानकारक खुलासा त्या माणसाने द्यायचा. चिलीम रिकामी असेल तर एक गोष्ट, तिच्यात चरसाचा अंश सापडला तर प्रश्न त्या अंशाचा होतो. मधुमेहाच्या रुग्णाने प्रवासात सिरिंजसोबत चिठ्ठी ठेवावी, एवढं पुरे. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत बंद करा. घंटागाडीवरच्या सफाई कामगाराच्या हाताला टोचतात त्या या सुट्या सुया.

ई-सिगारेटचं मात्र उलट आहे. तिथे साधनावरच बंदी आहे. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने तिचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठवण बंद केली. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कॉलेजांच्या आसपासच्या टपऱ्यांवर 'फक्त फ्लेवर आहे, निकोटिन नाही' असं सांगून विकतात. कायद्याच्या व्याख्येत निकोटिन असो वा नसो, दोन्ही येतात. तंबाखूच्या हुक्का पार्लरवरही महाराष्ट्रात २०१८ च्या कायदा-दुरुस्तीपासून बंदी आहे.

दुबईला आई-वडिलांकडे किंवा मुलांकडे जाणाऱ्यांनी ट्रामाडॉल, कोडीन, झोपेच्या गोळ्या इथल्या चिठ्ठीच्या भरवशावर नेऊ नयेत. तिथल्या सरकारकडून आधी परवानगी काढावी लागते.

रुग्ण गेल्यावर किंवा औषध बदलल्यावर उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका. चांगल्या भावनेने दिलेली पट्टी ज्याच्याकडे जाते, त्याच्या नावाची चिठ्ठी नसते. मॉर्फिन आणि फेंटानिलचे त्वचेवर चिकटवायचे पॅच जिथून आणले त्या संस्थेत परत करा. केंद्रीय औषध नियंत्रकांच्या २०२५ च्या सूचनांत फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल, डायझेपाम यांसारखी मोजकी औषधं घरी पडून राहण्यापेक्षा शौचकुपात सोडून पाणी ओतावं असं म्हटलं आहे. ही मुभा त्या यादीपुरतीच, बाकीची औषधं अशी टाकू नयेत.

एखादं दुकान चिठ्ठीशिवाय ही औषधं मुलांना विकत असेल तर अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय वागळे इस्टेटमध्ये आहे आणि टोल-फ्री क्रमांक १८००२२२३६५. तक्रारीत दुकानाचा परवाना क्रमांक, तारीख-वेळ आणि पट्टीचा बॅच नंबर द्या. परवाना दुकानात दर्शनी भागात लावलेला असतो, बिलावरही क्रमांक असतो. अंमली पदार्थांच्या विक्रीची माहिती १९३३ वर देता येते. घरातलंच कुणी गोळ्यांच्या आहारी गेलं असेल तर १४४४६ या व्यसनमुक्ती क्रमांकावर बोला. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, एनडीपीएसच्या कलम ६४-अ खाली खटल्यापासून संरक्षण मिळतं. अट एवढीच की उपचार पूर्ण करायचा, मध्येच सोडायचा नाही.